पावसाळ्यातलं लिंबू वैशाखापर्यंत: घरच्या झाडाची शेकड्यांनी आलेली लिंबं सत्कारणी कशी लावायची

ऑगस्टमध्ये आमच्या परसातलं सकाळचं पहिलं काम म्हणजे रात्रभरच्या पावसात गळलेली लिंबं वेचणं. झाड एकच आहे, साई सरबती जातीचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली ही कागदी लिंबाची जात सालीला पातळ आणि रसाला भरपूर. बारा वर्षांचं हे झाड आता तीन आठवड्यांत तीनशेच्या वर लिंबं देतं, आणि तीही नेमकी अशा वेळी, की साताऱ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, सरबताची कुणाला आठवण नसते आणि बाजारातही लिंबाला भाव नसतो. तेच लिंबू एप्रिल-मेमध्ये एकेक मोजून घ्यावं लागतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला १० रुपये मोजलेले अनेकांच्या लक्षात असतील.

याचं कारण बहारात, म्हणजे झाडाला फुलं येण्याच्या हंगामात आहे. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा आंबिया बहार सगळ्यात जोरदार असतो आणि त्याची फळं जून ते ऑगस्टच्या सुमारास तयार होतात. म्हणजे झाडाचा सुकाळ पावसाळ्यात आणि आपली गरज उन्हाळ्यात. मधले आठ महिने लिंबू टिकवायचं कसं, हाच खरा प्रश्न आहे. म्हणून माझा नियम असा: आधी रस साठवायचा, मग लोणच्याकडे वळायचं. लोणचं घरात वर्षाला दोन-तीन किलो संपतं, रस कितीही असला तरी कमीच पडतो.

तोडणी आणि निवड

सगळी लिंबं एका दिवसात उतरवू नका. हिरवा रंग फिकट होऊन पिवळसर झाक आली, साल गुळगुळीत आणि चकचकीत दिसली, हातात फळ जड लागलं की ते तयार. पिवळंधमक होईपर्यंत थांबलात तर पावसात ते आपोआप गळतं आणि चिखलात पडलेलं फळ दोन दिवसांत देठाकडून मऊ पडतं. लिंबू ओढून तोडलं की देठाजवळची साल फाटते आणि बुरशीला तिथूनच वाट मिळते. म्हणून लहान कात्रीने, किंचित देठ ठेवून कापा. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घाला. लिंबाचा काटा मोडून आत राहिला की बोट आठवडाभर ठणकतं.

पाऊस थांबल्यावर निदान दोन-तीन तासांनी तोडणी करा. तरीही फळं ओली असतातच, तेव्हा घरात आणल्यावर जुन्या सुती चादरीवर एका थरात पसरून पंखा लावायचा. सुकली की तीन वाटे करायचे.

पहिला वाटा देठासकट, बिनडागाची, घट्ट लिंबं. ही ताजी वापरायला ठेवायची. प्रत्येक लिंबू कोरडं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवलं तर महिनाभर छान राहतं. उघडी ठेवली तर सालीतून पाणी उडून आठ-दहा दिवसांत ती कडक होतात. आठवड्यातून एकदा डबा उघडून बघायचा. एकाला बुरशी आली की शेजारच्या चार लिंबांना धरते.

दुसरा वाटा पिकलेली पिवळी, पातळ सालीची. ही रसाची, आणि यांच्यातली सगळ्यात चांगली लोणच्याची.

तिसरा वाटा खरबरीत तपकिरी ठिपक्यांची. पावसाळ्यात खैऱ्या रोगाने असे ठिपके येतातच. ते सालीपुरते असतात, आतला रस उत्तम असतो. अशी लिंबं फेकून देणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं. ती लोणच्यात घालू नका, पण पिळा जरूर. फुटलेलं, पाणी सुटलेलं किंवा आंबूस वास येणारं लिंबू मात्र थेट खताच्या खड्ड्यात.

पिळायला बसण्याआधी

दोन गोष्टी आधी सांगते. दोन्ही मी अनुभवाने शिकले.

पहिली हातांची. कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात, की ते त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. एका वर्षी पाच-सहा डझन लिंबं पिळून मी हात नुसते पदराला पुसले आणि उघडीप आहे म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी मनगट लाल झालं, मग फोड आले, आणि त्यांचा काळा डाग दिवाळीनंतरही दिसत होता. पिळून झालं की कोपरापर्यंत साबणाने हात धुवा आणि मगच बाहेर पडा. मुलं मदतीला असतील तर त्यांचे हात आणि तोंड आठवणीने धुवा.

दुसरी ओट्याची. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर लिंबाचा रस सांडला की आम्लाने दगड खाल्ला जातो आणि पांढरट वर्तुळं उमटतात. ती घासून जात नाहीत. ओट्यावर मोठं स्टीलचं ताट ठेवून त्यातच कापा आणि पिळा.

भांडी काच, चिनीमाती किंवा स्टीलची घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. तांब्या-पितळेच्या भांड्यात रस कळकतो आणि पोटाला बाधतो.

रस काढणं

मध्यम कागदी लिंबू ४०-४५ ग्रॅमचं असतं. किलोत बावीस ते पंचवीस बसतात आणि १ लिटर रसाला साधारण साठ लिंबं लागतात. पावसाळी लिंबू रसाळ असतं, त्यामुळे कधी पंचावन्नातही काम होतं. फ्रीजमधली लिंबं थेट पिळू नका, तासभर बाहेर ठेवा. मग तळहाताखाली दाबून ओट्यावर फिरवा आणि आडवी कापा.

रस कडू होण्याची तक्रार नेहमी ऐकू येते. कडवटपणा दोन ठिकाणांहून येतो, चिरडलेल्या बियांतून आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या थरातून. शिवाय तो लगेच कळत नाही. पिळल्यावर रस गोडसर-आंबट लागतो आणि काही तासांनी कडवट होतो, कारण त्या थरातला बेचव घटक आम्लात राहून हळूहळू कडू घटकात बदलतो. यावर उपाय तीन. कापल्यावर सुरीच्या टोकाने बिया काढा. पिळताना शेवटच्या थेंबाचा हट्ट धरू नका. आणि रस लगेच गाळून पुढच्या कामाला लावा, रात्रभर पातेल्यात ठेवू नका. मिक्सरमध्ये फोडी फिरवून गाळण्याची युक्ती अनेक जण सांगतात. साठवणीच्या रसासाठी ती अजिबात वापरू नका.

साठ लिंबं पिळायला एका माणसाला पाऊण तास लागतो. मी संध्याकाळी एका बैठकीत तेवढीच घेते.

पहिली साठवण: रसाचे खडे

यात मेहनत सगळ्यात कमी आणि चव सगळ्यात ताजी. गाळलेला रस बर्फाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओता. माझ्या ट्रेच्या एका खणात चहाचे तीन चमचे, म्हणजे १५ मिलिलिटर रस मावतो. म्हणजे एक खडा म्हणजे जवळपास एक लिंबू, स्वयंपाकात हिशेब सोपा. तुमच्या ट्रेचं माप एकदा चमच्याने मोजून ठेवा.

रात्रभरात खडे घट्ट होतात. सकाळी ते लगेच पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. ट्रेमध्येच उघडे राहिले तर फ्रीजरमधल्या मटाराचा, खोबऱ्याचा वास त्यांना लागतो आणि खडे आक्रसून बारीक होतात. पिशवीवर महिना लिहा. ऑगस्टचा खडा मार्च-एप्रिलपर्यंत चवीला चांगला राहतो. त्यानंतर खराब होत नाही, पण सुगंध उतरतो.

वापरताना खडा वितळवायची गरज नाही. सरबताच्या ग्लासात, उकळी येऊन उतरवलेल्या आमटीत, रसमात थेट टाका. पोहे-उपम्यासाठी मात्र वाटीत आधी वितळवून घ्या, नाहीतर एकाच जागी आंबटपणा साचतो. पनीर करायचं असेल तर १ लिटर दुधाला दोन खडे पाण्यात विरघळवून घाला. दूध नीट फाटलं नाही तर तिसरा.

फ्रीजर लहान असेल तर दुसरी सोय आहे. १ लिटर रसात १०० ग्रॅम मीठ विरघळवून, काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं. बाटलीत हवा कमी राहिली की रस उशिरा तपकिरी पडतो. कोशिंबीर, वरण, भेळ यांना हा रस चालतो, फक्त पदार्थातलं मीठ त्या अंदाजाने कमी करायचं. दोन-तीन महिन्यांत संपवा.

दुसरी साठवण: सरबताचा पाक

पाहुण्याच्या हातात पाच मिनिटांत ग्लास देता येतो तो या पाकामुळे. बरेच जण साखरेचा पाक उकळून त्यात रस घालतात आणि पुन्हा एक उकळी देतात. मी रसाला आच लावत नाही. उकळलेल्या लिंबाला औषधासारखा वास येतो आणि ताजेपणा जातो.

१ लिटर गाळलेला रस आणि पावणेदोन किलो साखर मोठ्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र करा. पाणी घालायचं नाही. लाकडी कोरड्या डावाने ढवळा, वर स्वच्छ फडकं बांधा, आणि दिवसातून चार-पाच वेळा ढवळत राहा. पावसाळी हवेत साखर पूर्ण विरघळायला दीड-दोन दिवस लागतात. घाई झाली तर रसात घालण्याआधी अर्धी साखर दळून घ्या, काम निम्म्या वेळात होतं. तळाशी एकही कण कुरकुरला नाही आणि पाक काचेसारखा नितळ दिसला की भरायला तयार.

साखरेचं प्रमाण कमी करायचा मोह होतो, मलाही होतो. पण इथे साखर गोडीपुरती नसून टिकवण्याचं काम करते. पावणेदोन किलोचा पाक फ्रीजमध्ये उन्हाळ्यापर्यंत राहतो. किलोभर साखरेचा केलात तर तो महिना-दीड महिन्यात फसफसायला लागतो. कमी गोड हवं असेल तर ग्लासात पाक कमी घ्या आणि वर बर्फाचा एक आंबट खडा टाका.

बाटल्या काचेच्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या. आलं हवं असेल तर १०० ग्रॅम आलं किसून, पिळून, तो रस तासभर स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा रसच पाकात घाला. मीठ, सैंधव, जिरेपूड, वेलदोडा, केशर या गोष्टी आयत्या वेळी. बाटलीत आधीच घातल्या तर चार महिन्यांनी सगळ्या पाकाला एकच वास येतो.

ग्लासाला दोन ते तीन मोठे चमचे पाक, माठातलं पाणी, चिमूट मीठ.

लोणची: ऊन नसताना

आपल्याकडच्या बहुतेक कृती लोणच्याला आठ दिवस ऊन द्यायला सांगतात, आणि लिंबं येतात ती श्रावणात. म्हणून मी दोनच प्रकार करते. दोन्हींना ऊन लागत नाही.

*खारातलं लिंबू.* १ किलो पातळ सालीची पिवळी लिंबं आदल्या रात्री धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवा. देठाकडे जोडलेली राहतील अशा प्रत्येकाला चार चिरा द्या, बिया काढा. २०० ग्रॅम जाडं मीठ चिरांत भरा आणि लिंबं काचेच्या बरणीत दाबून बसवा. दुसऱ्या दिवशी खार सुटलेला दिसेल, पण तो पुरत नाही. आणखी आठ-दहा लिंबांचा रस वरून ओता, म्हणजे लिंबं पूर्ण बुडतील. झाकण लावून रोज एकदा बरणी हलवायची. पाच-सहा आठवड्यांत साल मऊ होऊन रंग तांबूस होतो. खाराच्या वर डोकावणारं लिंबू हेच बुरशीचं घर, म्हणून पहिले पंधरा दिवस रोज बघायचं.

हे वर्षानुवर्षं टिकतं आणि काळं होत जातं. आमच्या सासूबाई तापातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर जुन्या बरणीतली एक फोड देत, आणि तोंडाची चव खरंच परत येत असे. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मात्र जपून. त्यात मीठ पुष्कळ असतं.

*उपासाचं गोड लोणचं.* १ किलो लिंबं धुऊन, पुसून, अख्खीच एका डब्यात घाला. डब्यात पाणी नको, वर घट्ट झाकण. कुकरच्या तळाशी पाणी घालून तीन शिट्ट्या काढा आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. कुकर आपोआप उतरू द्या. झाकण काढलंत की लिंबं फिकट, फुगलेली दिसतील आणि डब्यात थोडा रस सुटलेला असेल. तो टाकू नका. पूर्ण गार झाल्यावर प्रत्येकाच्या आठ फोडी करा आणि बिया एकूणएक काढा. या कामाला वेळ लागतो, पण राहिलेली एक बी आजूबाजूच्या फोडी कडू करते.

फोडी आणि सुटलेला रस स्टीलच्या पातेल्यात घ्या. १५० ग्रॅम मीठ, १ किलो साखर, ६० ग्रॅम लाल तिखट, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड. रंगासाठी निम्मं तिखट ब्याडगीचं घ्या. हिंग, हळद, मोहरी नाही, म्हणून उपासाला चालतं. मंद आचेवर ठेवा, ढवळत राहा. साखर आधी पाणी होते, मग कडेला बारीक बुडबुडे येतात. पाक मधापेक्षा पातळ असतानाच गॅस बंद करा, गार झाल्यावर तो बराच आळतो. एका वर्षी मी एकतारी होईपर्यंत थांबले आणि लोणचं चिक्कीसारखं झालं. तसं झालंच तर दोन लिंबांचा रस घालून कोमट करा, सैल होतं.

पहिल्या दिवशी हे कडवट लागतं. तीन आठवडे बरणी बंद ठेवा, कडवटपणा मुरून जातो.

दोन्ही बरण्यांना एकच पथ्य: ओला चमचा आणि ओला हात लागता कामा नये. दमट हवेत मोठी बरणी रोज उघडू नका. आठवड्यापुरतं लोणचं लहान सटात काढून घ्या आणि मोठ्या बरणीला दादरा बांधा. तीन वर्षांपूर्वी घाईत धुतलेला, नीट न पुसलेला डाव मी बरणीत घातला. पंधरा दिवसांनी वर पांढरी साय दिसली आणि सगळं लोणचं टाकावं लागलं. वरचा थर काढून खालचं वापरायचा सल्ला मिळाला होता, पण बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते.

पिळलेल्या साली

दोन लिटर रस काढला की सव्वाशे लिंबांच्या साली समोर असतात. स्वच्छ, बिनडागाच्या निम्म्या साली खाराच्या बरणीत जातात, त्यांना वरून रस थोडा जास्त लागतो. किस हवा असेल तर लिंबू पिळायच्या आधीच बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवा, पांढरा थर दिसला की थांबा. हा किस साखरेत चोळून बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवला की रव्याच्या केकमध्ये, श्रीखंडात फार सुंदर लागतो. थोड्या साली आठवड्याच्या देवांसाठी: सालीवर मीठ घेऊन तांब्या-पितळेची उपकरणी घासा, लगेच धुऊन कोरडी पुसा.

उरलेल्या सालींचं फरशी पुसायचं द्रावण होतं. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. बाटली प्लॅस्टिकचीच घ्या आणि एक चतुर्थांश रिकामी ठेवा. आत वायू तयार होतो, काचेची बाटली फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा. गाळून पाण्यात पातळ करून सिरॅमिकच्या फरशीला, मोरीला, बेसिनला वापरा. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवराला लावू नका, कारण वर सांगितलंच आहे.

वाटायची लिंबं

एवढं करूनही लिंबं उरतात. शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, ऑफिस, सोसायटीचा वॉचमन यांना पिशव्या भरून द्या, पण तोडल्याच्या दिवशीच, बिनडागाची द्या. शंभराच्या वर असतील तर जवळच्या खाणावळीला किंवा भेळेच्या गाडीवर विचारा, त्यांना पावसाळ्यातही रोज लागतात. भाजीवाल्या ताईंना मी शेकड्याने देते आणि त्या बदल्यात कोथिंबीर-आलं घेते, दोघींना परवडतं.

उन्हाळ्यातच फळ हवं असेल तर

नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा-कर्जत पट्ट्यातले शेतकरी त्यासाठी हस्त बहार धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फूल आलं की मार्च ते मे या काळात फळ मिळतं. त्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो आणि ऐन पावसात तेच अवघड असतं. जमिनीतल्या झाडाच्या बाबतीत साताऱ्यासारख्या ठिकाणी मी त्याच्या मागे लागत नाही. पण गच्चीवर मोठ्या कुंडीत झाड असेल तर जमतं. ऑगस्टच्या मध्यावर कुंडी छपराखाली पण उजेडात सरकवा आणि पाणी तोडा. पानं मलूल होऊन थोडी गळायला लागली की ताण बसला असं समजा. मग शेणखत देऊन पाणी सुरू करा, पहिल्या दोन वेळा अर्धंच. तीन-चार आठवड्यांत पांढरी फुलं दिसायला लागतात. लहान किंवा आजारी झाडाला ताण देऊ नका, निदान चार वर्षांचं होऊ द्या.